किनुकोनं शिकवलेलं गाणं

किनुको उसुझावा गायला लागली की शेडमधला रेडिओ असून नसल्यासारखा व्हायचा. एप्रिलमध्ये त्या बंदरातल्या बायकांना एकच काम असायचं. समुद्रातून काढलेलं, उकळून मिठात घातलेलं वाकामे पुढ्यात ओढायचं आणि त्या हिरव्या, बुळबुळीत शेवाळाचं पान देठापासून फाडून वेगळं करायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि मीठ बरोब्बर त्या चिरांत जाऊन बसायचं. मग कुणीतरी कळवळून म्हणायचं, "किनु, काढ गं एकदा." किनुको मान वर न करता सुरू करायची:

उठ रे बंदराच्या पोरा, कंबर कस,
लाट अंगावर येते ती तुला उचलायला येते.
हरलास तर हरलास, मान खाली घालू नकोस,
तुझ्या पाठीशी आम्ही गळा फाडून उभे आहोत!

शेवटच्या ओळीला अख्खी शेड तिच्याबरोबर ओरडायची. गाणं कुठल्या सिनेमातलं नव्हतं. गावातल्या माध्यमिक शाळेचं होतं. शेडमधल्या एकूण एक बाईला ते पाठ, कारण एकूण एक बाई त्या शाळेतून मार खाऊन बाहेर पडलेली.

गाणं पोरांना धीर द्यायला रचलेलं आहे, हे मान्यच करायला हवं. बारा-तेरा वर्षांचं पोर, गणितात आपटलेलं, सामन्यात हरलेलं, घरी बापाच्या शिव्या खाणारं. त्याला सांगायचं की तू एकटा नाहीस. शब्दांत खोट काढायला गेलात तर सापडणार नाही. खोट होती ती शिकवण्यात.

दर एप्रिलला नव्या मुलांना शाळेच्या व्यायामशाळेत उभं करत. खिडक्यांना काळे पडदे. समोर घोषपथक, म्हणजे सामन्यांत आपल्या शाळेसाठी ओरडणारं टोळकं: वरच्या वर्गातली पोरं, फाटके काळे कोट, पायात लाकडी खडावा, केस न विंचरलेले. वर्षभर हसायचं नाही हा पथकाचा नियम. कोपऱ्यात माणसाच्या छातीएवढा ढोल. गाण्याचे शब्द कागदावर मिळत नसत. पथक एकदा ओरडून दाखवणार, तुम्ही पकडायचे. नजर समोरच्या भिंतीवर एका जागी. ती हलली की कुणीतरी धावत येणार, तुमच्या तोंडाशी कान लावणार आणि किंचाळणार, "ऐकू येत नाही!" मग कॉलरला धरून पुढे. एकट्यानं गायचं. नाही जमलं तर बांबूची काठी, मांडीवर. आणि प्रत्येक फटक्यानंतर ओरडून म्हणायचं, "धन्यवाद!"

आठवडाभर हे चालायचं. शेवटच्या दिवशी पडदे उघडायचे, दिवे लागायचे आणि आठवडाभर भुतासारखा दिसणारा पथकप्रमुख एकदम हसायचा. म्हणायचा, "शाब्बास. आता तुम्ही आमचे." पथक टाळ्या वाजवायचं आणि ती सगळी सुजलेल्या मांड्यांची पोरं हमसून हमसून रडायची. दुःखानं नव्हे. उपकार झाल्यासारखी.

किनुकोही बारा वर्षांची असताना तशीच रडली होती. पुढे बापानं दारूपायी होडी विकली तेव्हा तिनं ते गाणं म्हटलं. लग्न होऊन नवरा ट्यूना पकडायच्या जहाजावर निघून गेला, वर्षातून एकदा तोंड दाखवू लागला, तेव्हा म्हटलं. हिमवादळात रस्ता बंद पडून हिरोमु घरातच जन्मला, तेव्हा दाई म्हणे, "अगं बाई, कळा दे, गातेस काय!" त्यामुळे गाण्याबद्दल कुणी वावगं बोललं की किनुको अंगावर धावून जायची. एका बाहेरगावच्या सुनेनं एकदा शेडमध्ये म्हटलं होतं, "आमच्याकडे असं मारत नाहीत बाई." किनुकोनं मिठाचं घमेलं तिच्या पायाशी आपटलं. "म्हणूनच तुमच्याकडची माणसं अशी पिचपिचीत."

आणि त्या वर्षी हिरोमु माध्यमिक शाळेत गेला.

पोरगा बापावर गेला होता: लांब मान, अबोल, आवाज बारीक. त्यात तो आवाज फुटायला लागलेला. किनुकोला धास्ती एकच: पोराला पुढे ओढतील, सगळ्यांसमोर त्याचा आवाज चिरकेल, आणि पुढची तीन वर्षं त्याला त्या चिरक्या आवाजावरूनच ओळखतील. म्हणून तिनं घरातच तालीम सुरू केली. पथकाचा पहिला दिवस झाला, दुसरा झाला. दोन्ही दिवशी ती कामावरून आली की एप्रन न काढता पोराला भिंतीशी उभं करायची.

"पोट कुठे गेलं तुझं? पोटातून काढ."

"काढतोय ना."

"हे पोटातून? हे तर नाकातून येतंय. मांजराचं पिल्लू बरं."

"आई, वर गेलं की आवाज तुटतो."

"तुटू दे. तुटलेला काढ, पण मोठ्यानं काढ. उद्या तो शोगो तुझ्या तोंडाला कान लावेल ना, तेव्हा त्याला बहिरा झाल्यासारखं वाटलं पाहिजे."

शोगो म्हणजे त्या वर्षीचा पथकप्रमुख. शेडमध्ये किनुकोच्या शेजारच्या पाटावर बसणाऱ्या मिसाओ कोइवाचा मुलगा. लहानपणी त्याचं नाक किनुकोनं पुसलेलं.

हिरोमुनं परत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग तो थांबला आणि भिंतीकडे बघतच म्हणाला, "मला नाही गायचं. मला ते गाणंच आवडत नाही."

किनुकोचा हात कधी उठला ते तिला कळलंच नाही. दिवसभर वाकामे फाडून दगड झालेला उजवा पंजा पोराच्या डाव्या कानावर सपाट बसला. असा आवाज झाला की बाहेर वाळत घातलेल्या जाळ्यांवरच्या समुद्री घारी उडाल्या. हिरोमु भिंतीवर आपटला, सरळ झाला, आणि शाळेत शिकवलं होतं तसं ओरडला, "धन्यवाद!"

किनुकोनं हात एप्रनला पुसला. मग म्हणाली, "हं. हा आवाज बघ कसा पोटातून आला." आणि भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी पोरगा कानात कापूस घालून शाळेत गेला. तिला वाटलं, गारठा आहे. शाळेत त्याला पुढे ओढलं. मांड्यांवर वळ घेऊन आला, पण जेवला, झोपला. त्याच्या पुढच्या सकाळी उशीवर रक्त आणि पिवळट पाणी होतं. किनुकोनं हाक मारली तर त्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला. 

डॉक्टर म्हातारे होते. या बंदरातल्या पोरांचे कान त्यांनी इतके पाहिले होते की एप्रिल आला की ते आधीच वैतागलेले असत. नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "पडदा फाटलाय. बंद पंज्याचा नाही, सपाट हाताचा फटका आहे हा. कुणी मारलं?"

किनुको पोराकडे बघायला लागली. पोरगा डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या गुंडीकडे बघत होता.

"शाळेत," हिरोमु म्हणाला.

 तिथे बोलायचं होतं, नाही बोलली. उलट मान डोलावली.

"भरून येईल," डॉक्टर म्हणाले. "लहान वय आहे. पण तोवर याच्यावर दुसरा फटका बसला किंवा आत पू झाला तर हा कान गेला समजा. ढोलाच्या जवळ उभं करू नका. घरी ठेवा."

रस्त्यावर आल्यावर हिरोमु म्हणाला, "मी उद्या जाणार."

"ऐकलं नाहीस काय म्हणाले?"

"उद्या शेवटचा दिवस आहे. शेवटच्या दिवशी जो नसतो तो पथकाचा नसतो. मग तीन वर्षं कुणी शेजारी बसत नाही. मागच्या वर्षी मोरीशिता आजारी पडला होता ना, त्याची चप्पल अजून रोज संडासात टाकतात. आई, मी जाणार."

"आणि कान?"

"एक आहे ना."

तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मुठी गच्च आवळून ती चालत राहिली. तिचीच शिकवण होती, तिच्याच पोराच्या तोंडून आलेली.

दुपारी ती शेडमध्ये गेली. मिसाओनं विचारलं, "उशीर गं? पोरगं बरं आहे ना?"

"कानाचा पडदा फाटलाय."

हात थांबले. सगळ्यांचेच.

"कुणी?"

आता सांगायचं. मिसाओ तिची शाळेपासूनची. सांगायला किती वेळ लागतो? किनुकोनं एक पान फाडलं, दुसरं फाडलं.

"शाळेत," ती म्हणाली.

शाळेत म्हणजे पथक, आणि पथक म्हणजे शोगो. कुणी नाव घेतलं नाही. मिसाओचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला. ती उठली, हातमोजे काढले आणि घरी निघून गेली.

तेवढ्यात बर्फाची गाडी घेऊन नागाने आला होता. नागाने म्हणजे बर्फकारखान्याचा मालक, पंचवीस वर्षांपूर्वी पथकप्रमुख होता आणि चाळिशी उलटली तरी मनानं तिथेच उभा. दर वर्षी शेवटच्या दिवशी जुने प्रमुख व्यायामशाळेत मानानं येऊन बसत. त्यात हा पहिला. ऐकून तो लालभडक झाला.

"कमरेच्या वर हात लावायचा नाही, हा आमच्या वेळेपासूनचा नियम आहे! मांडी म्हणजे मांडी. कानावर? वहिनी, तुम्ही काळजी करू नका. उद्या बघतोच त्या कार्ट्याला."

"नागाने-सान, जाऊ द्या हो..."

"जाऊ कसं द्या? पथकाची अब्रू आहे!"

तिनं घमेलं पुढे केलं. बर्फाची लादी घमेल्यात पडली आणि फुटली.

दुसऱ्या दिवशी किनुको पोराबरोबर शाळेत गेली. तिनं रात्रभर विचार करून एक तोडगा काढला होता, आणि तोडगा ऐकून हिरोमुला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती त्याच्या जागी उभी राहणार. तो तिच्या मागे, ढोलापासून लांब, भिंतीला टेकून.

दाराशीच एबिसावा सर भेटले. व्यायामाचे मास्तर, पथकावर देखरेख त्यांची. देखरेख म्हणजे आठवडाभर हाताची घडी घालून दारात उभं राहायचं आणि काही दिसलं की खिडकीकडे बघायचं.

"उसुझावा-सान, पालकांना आत यायची पद्धत नाही."

"पोराचा कान फाडायची पद्धत आहे का?"

"नाही, पण हे मुलांचं मुलं चालवतात. आम्ही शिक्षक त्यात पडत नाही."

"मग आत्ता का पडताय? सरका."

ती बूट काढून, मोज्यांवर, शेवाळाचे हिरवे डाग पडलेल्या एप्रनसह पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आजूबाजूची पोरं भिंतीवरची नजर न हलवता हसू दाबायला लागली. एकाच्या नाकातून फुसकन आवाज निघाला.

ढोल वाजला. त्या बंद खोलीत तो कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतो. पथकातली पोरं ओरडत रांगांमधून धावू लागली. एक जण किनुकोसमोर येऊन थबकला. नियम तर होता: रांगेत जो आहे त्याच्या तोंडाला कान लावायचा. बिचाऱ्यानं इकडे तिकडे बघितलं आणि कान पुढे केला.

किनुको गायली. वाकामेच्या शेडमधला आवाज तो. पोरगा दोन पावलं मागे गेला. शेजारची पोरं तिच्या आवाजाला लटकून आपोआप वर चढली, आणि चौथ्या ओळीला छतावरची धूळ खाली आली. क्षणभर किनुको सगळं विसरली. तिला ते गाणं परत तसंच वाटलं, बारा वर्षांची असताना वाटलं होतं तसं, की आता काही बिघडू शकत नाही.

"थांबा!"

मागे खुर्च्यांवर बसलेल्या जुन्या प्रमुखांमधून नागाने उठला होता. त्याच्या हातात बांबूची काठी होती.

"कोइवा शोगो. पुढे ये."

शोगो आला. तो चालत होता त्यातच काहीतरी गडबड होती. एक खांदा धरून चालत होता. ओठ फुटलेला, डोळ्याखाली निळं. किनुकोनं ते आत्ता पाहिलं.

"पथकाचा नियम काय? हात कुठे लावायचा नाही?"

"कमरेच्या वर लावायचा नाही!" शोगो ओरडला.

"मग हा उसुझावाच्या कानाचा पडदा कसा फाटला?"

शोगोनं तोंड उघडलं. सगळ्यांना दिसलं की त्याला काहीतरी सांगायचंय. पण पथकाचा आणखी एक नियम होता, सगळ्यात पहिला शिकवलेला: सबब सांगायची नाही. खरी असली तरी नाही. त्यानं हनुवटी वर केली, नजर भिंतीवर लावली.

"माझी चूक आहे!"

पहिला फटका मांडीवर बसला. "धन्यवाद!" दुसरा. "धन्यवाद!" नागाने बर्फाच्या लाद्या उचलणारा माणूस, हाताला जोर होता. पाचव्या-सहाव्या फटक्याला शोगो गुडघ्यावर आला, उठला, ताठ झाला, ओरडला. त्यानंतर काठी कमरेच्या वर जायला लागली. पाठीवर बसली. दुखऱ्या खांद्यावर बसली तेव्हा त्याच्या तोंडून धन्यवादच्या जागी नुसती किंकाळी निघाली, आणि ती दुरुस्त करायला त्यानं लगेच पुन्हा म्हटलं, "धन्यवाद!" फुटलेल्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी जागच्या जागी ओकली आणि तरीही नजर भिंतीवरच ठेवून उभी राहिली. एबिसावा सर खिडकीकडे बघत होते. खिडकीवर काळा पडदा होता.

किनुकोनं मागे वळून पाहिलं. हिरोमुनं नजर हलवली नव्हती. भिंतीकडे बघत तो रडत होता, आवाज न करता. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो तिच्यासाठी खोटं बोलला होता, आणि आता शोगो त्याच्यासाठी मार खात होता. दोघंही गप्प होते, आणि दोघांनाही गप्प राहायला शिकवलेलं होतं.

ती धावली. काठी खाली येत असताना मध्ये गेली, आणि ती तिच्या मनगटावर बसली. हाड वाजल्याचं तिला ऐकू आलं. तिनं दुसऱ्या हातानं काठीचं टोक धरलं.

"त्यानं नाही मारलं. मी मारलं."

नागाने धापा टाकत हसला. "वहिनी, तुमचं मन मोठं आहे. पण असं पाठीशी घालू नका. पोरं बिघडतात."

"अहो, पाठीशी काय घालतेय! मी मारलं म्हणतेय. याच हातानं. घरी. मंगळवारी."

"बरं बरं. बाजूला व्हा."

कुणी विश्वासच ठेवेना. जुन्या प्रमुखांमधला एक जण डोळे पुसत होता, म्हणाला, "आईचं काळीज!" किनुकोला हसावं की ओरडावं कळेना. तिनं ओरडायचं ठरवलं.

"काळीज खड्ड्यात गेलं! गाणं म्हणेना म्हणून मारलं! आवाज बारीक निघतो म्हणून! इथे तुम्ही त्याला पुढे ओढाल, माझ्या पोराची शोभा होईल, म्हणून मी त्याला भिंतीशी उभं करून शिकवत होते. तुमच्यासारखं. तो म्हणाला आवडत नाही गाणं, आणि मी दिली कानाखाली. सपाट पंज्यानं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले. मिसाओनं विचारलं तेव्हा 'शाळेत' म्हणाले. तुम्ही शोगोवर घसरलात, तेव्हाही खरं बोलले नाही. आलं डोक्यात आता?"

 नागाने तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा सैल पडला. सुटल्यासारखा.

"म्हणजे, शिकवताना लागलं," तो म्हणाला. "मग त्यात काय एवढं? आईनं पोराच्या भल्यासाठी हात उगारला. असं होतं कधी कधी." तो शोगोकडे वळला. "शाब्बास. सबब सांगितली नाहीस. असाच प्रमुख पाहिजे." आणि टाळ्या वाजवायला त्यानं दोन्ही हात वर केले, काठी सोडली.

काठी किनुकोच्या हातात राहिली.

त्यानं नुसतं चूक झाली म्हटलं असतं तर कदाचित ती गप्प घरी गेली असती. पण त्यानं तिला माफ केलं. त्यानं तिला आपल्यात घेतलं. डाव्या हातातली काठी तिनं दोन्ही मुठींत धरली, तुटलेल्या मनगटासकट, आणि नागानेच्या मांडीवर घातली.

"आई गं!"

"आई गं नाही. धन्यवाद म्हणायचं."

"अहो वहिनी, वेड लागलं..."

दुसरा फटका. "ऐकू येत नाही!"

तिसरा फटका गुडघ्यावर बसला आणि बर्फकारखान्याचा मालक आडवा झाला. चौथा तिनं ढोलावर घातला. कातडं फाटलं नाही. एवढा मोठा आवाज झाला की पोरांनी कानांवर हात घेतले, आणि त्या आवाजानं तिला एकदम आठवलं की मागे कोण उभं आहे. तिनं वळून बघितलं. हिरोमु डावा कान दोन्ही हातांनी झाकून खाली बसला होता.

काठी तिच्या हातातून पडली.

तेव्हा कुठे एबिसावा सर धावत आले. "थांबा! थांबा! शाळेत मारामारी चालणार नाही!" ते ओरडले. इतकी वर्षं न दिसलेली मारामारी त्यांना अखेर दिसली. त्यांनी आणि दोन जुन्या प्रमुखांनी किनुकोला काखेत धरून बाहेर ओढलं, बुटांच्या कपाटाशी नेऊन बसवलं. त्या वर्षी पडदे उघडलेच नाहीत. कुणी हसलं नाही, शाब्बास म्हणालं नाही, कुणाला ते सुखाचं रडू मिळालं नाही. शोगो एका पायावर लंगडत हिरोमुपाशी गेला, त्याला हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांना म्हणाला, "घरी जा." एवढंच. पथकानं पहिल्यांदाच एक साधं वाक्य न ओरडता बोललेलं त्या पोरांनी ऐकलं. पुढे हिरोमुच्या शेजारी बाकावर बसायला कुणी कचरलं नाही. शोगोनं उठवलेल्या पोराची चप्पल संडासात टाकायची हिंमत कोण करणार?

पोलीस आले, माफीनामा झाला. नागानेनं तक्रार मागे घेतली, कारण तक्रारीत बाईनं मारलं असं लिहावं लागत होतं.

मनगटाला प्लास्टर घालून किनुको कोइवांच्या घरी गेली. दाराच्या आत, बूट काढायच्या जागी, थंड सिमेंटवर तिनं गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. मिसाओ वरच्या पायरीवर उभी होती.

"शोगो कसा आहे?"

"खांद्याचं हाड सरकलंय."

"नागानेच्या काठीनं..."

"नाही," मिसाओ म्हणाली. "ते मी. आदल्या संध्याकाळी. शेडमधून घरी आले आणि लाटणंच उचललं. विचारलंसुद्धा नाही. तू म्हणालीस शाळेत, मी घेतलं शोगोनंच. तो म्हणतोय आई, मी नाही, आणि मी म्हणतेय सबब सांगतोस? सबब सांगतोस? मग तो गप्पच झाला." तिनं दाराची कडी धरली. "तू एक दिवस आधी बोलली असतीस ना, किनु."

"हो."

"ऊठ. थंडी लागेल. आणि परत येऊ नकोस. मला जेव्हा वाटेल तेव्हा मी येईन."

मिसाओ आली, पण शेतातली भातलावणी उरकल्यावर. तोवर शेडमध्ये ती पाट उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. कुणी किनुकोला "काढ गं" म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तिनं काढलं नसतं. हिरोमुचा कान उन्हाळ्यापर्यंत भरून आला. डॉक्टरांनी घड्याळ धरून तपासलं, म्हणाले टिकटिक ऐकू येते ना, मग झालं. पण घरात किनुको भांडी घासताना चुकून गुणगुणली तरी पोरगा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. ते मात्र कुणी भरून आणू शकलं नाही.

पुढच्या एप्रिलला ती पुन्हा शाळेत गेली. कुणी बोलावलं नव्हतं. एबिसावा सर दारात होते. तिला बघून खिडकीकडे बघायला लागले. ती घरून बसायची गादी घेऊन आली होती. ढोलाच्या शेजारी ती पसरून बसली. निघताना हिरोमुनं बजावलं होतं, "ये तू. पण गाऊ नकोस."

पडदे लावलेले होते. नवीन पोरं रांगेत थरथरत होती. पथकाचा नवा प्रमुख काठी घेऊन आत आला, किनुकोला पाहिलं, जरा वेळ घुटमळला, आणि काठी भिंतीला उभी करून ठेवली. मग गाणं सुरू झालं. आवाज असा की शेजारच्या वर्गातही पोहोचला नसता. कुणी वर, कुणी खाली, अर्ध्यांना शब्दच माहीत नाहीत. पहिल्या रांगेतला एक काटकुळा पोरगा नुसते ओठ हलवत होता. ओठच! दुसरी ओळ आली तरी ओठच!

किनुकोच्या अंगात आग उठली. पोटातून काढ रे मेल्या, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. उजवा हात मांडीवरून उठला. तिनं तो गादीवर ठेवला, त्याच्यावर सगळा भार टाकून बसली आणि पोरं गाणं बिघडवत असताना ऐकत राहिली.